गारठ्याची वाट

आमच्या निफाडात दसरा झाला की म्हातारी माणसं गारठ्याची वाट बघायची. गारवा पडल्याशिवाय गव्हाची पेर करायची नाही, हा नियम. नांदूरमध्यमेश्वरच्या पाण्यावर परमुलखातली पाखरं उतरली की आजा म्हणायचा, "काढा रे पाभर!"

मग द्राक्षं आली आन् सगळं उलटं झालं. ऑक्टोबर छाटणीवर लवकर गारठा पडला तर डोळे मागंपुढं फुटतात, पुढं घड एकसारखे येत नाहीत, आन् कर्ज तर बागेवरच काढलेलं. आता पाखरांकडं कोण बघतं? कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्राचा आकडा विचारतात. २०१८ च्या डिसेंबरात तो दोनाच्याही खाली गेला होता.

बांधापलीकडं चुलतभावाचा गहू. दिवाळीत तो रोज हौसेनं विचारतो, "दादा, आज किती?" मी सांगत नाही.