एका स्टारचा बहिष्कार

नोव्हेंबर 2012. बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर पाळल्या गेलेल्या बंदवर पालघरच्या एका तरुणीने फेसबुकवर पोस्ट टाकली, दुसरीने ती लाइक केली. दोघींना अटक झाली. पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होतं. या अटकेनंतर श्रेया सिंघल सुप्रीम कोर्टात गेल्या आणि 24 मार्च 2015 रोजी आयटी कायद्याचं कलम 66अ रद्द झालं. निदान कागदावर तरी.

तीनच दिवसांनी दुसरी भानगड सुरू झाली. व्हॉट्सॲप, स्काइपसारख्या सेवांवर बंधनं हवीत का, असं विचारणारा 118 पानी दस्तऐवज 'ट्राय'ने काढला. पाठोपाठ 6 एप्रिलला 'एअरटेल झीरो' आलं. ॲपवाली कंपनी एअरटेलला पैसे देणार, ग्राहकाचा डेटा कापला जाणार नाही. फुकटच की, मग बिघडलं कुठे? बिघडलं असं की डोंबिवलीतल्या एखाद्या पोराने पुस्तकं विकायचं ॲप काढलं, तर त्याला हे पैसे परवडणार नाहीत. मोठ्या दुकानाचा रस्ता मोफत आणि याच्या दारात टोलनाका. इथे पोलीस नव्हते, पण नेटवर काय सहज पोचेल हे कंपनी ठरवणार होती.

फ्लिपकार्ट यात सामील होणार, अशी बातमी आली आणि लोक तुटून पडले. ॲप काढून टाकायचं, त्याआधी एक स्टार द्यायचा. राग खरं तर एअरटेलवरही होता, पण नंबर पोर्ट करायला आठवडा जायचा. ॲप काढायला दोन सेकंद पुरत. शिवाय फ्लिपकार्टची सगळी भिस्त तेव्हा मोबाइलवर होती. सचिन बन्सल यांनी आधी ट्विटरवर 'झीरो रेटिंग'ची बाजू घेतली होती. 14 एप्रिलला, आंबेडकर जयंतीच्या दिवशी, कंपनीने माघार घेतली. दुसऱ्या दिवशी क्लिअरट्रिप फेसबुकच्या 'इंटरनेट डॉट ऑर्ग'मधून बाहेर पडली.

तरी माझ्या मते खरं काम ईमेलनी केलं. 'ट्राय'कडे दहा लाखांवर ईमेल गेले. 8 फेब्रुवारी 2016 रोजी 'ट्राय'ने असे भेदभावाचे दर बंद केले. मोडणाऱ्याला दिवसाला 50 हजार, जास्तीत जास्त 50 लाख रुपये दंड. त्यात फेसबुकचं 'फ्री बेसिक्स'ही गेलं. गंमत म्हणजे त्याविरुद्धच्या पोस्टी लोक फेसबुकवरच टाकत होते. फेसबुक सोडणं कुणाला परवडणार होतं?

1905 साली पुण्यात विदेशी कपड्यांची होळी झाली तेव्हा अंगावरचं कापड आगीत गेलं होतं. इथे पदरचं काही जात नव्हतं, म्हणून हे हत्यार कुणीही, कशासाठीही उचललं. नोव्हेंबर 2015 मध्ये आमिर खान असहिष्णुतेवर बोलला, तर तो ज्याची जाहिरात करायचा त्या स्नॅपडीलला एक स्टार मिळू लागले. म्हणजे बोलण्याच्या स्वातंत्र्यासाठी वापरलेली युक्ती सात महिन्यांत बोलणाऱ्यावरच उलटली. आणि एप्रिल 2017 मध्ये लोक भडकले होते स्नॅपचॅटवर. कित्येकांनी घाईत काढून टाकलं ते पुन्हा स्नॅपडीलच.