पर्यायी वस्तू आणि बाजारसत्ता : धाराशिवचा तेलबाजार

एका वस्तूची गरज दुसऱ्या वस्तूने भागू शकत असेल, तर त्या परस्परांच्या पर्यायी वस्तू होत. एकीची किंमत वाढली असता दुसरीची मागणी किती वाढते, यावरून पर्यायतेचे मान ठरते. अर्थशास्त्रात त्याला मागणीची छेदक लवचिकता म्हणतात. बाजारात विक्रेता एकटाच असला, तरी त्याच्या मालाला जवळचा पर्याय उपलब्ध असेल, तर त्याची मक्तेदारी नावापुरतीच राहते. उलट, दुकानात दहा नावांच्या बाटल्या मांडलेल्या असूनही त्यांतील माल दोन-तीन उगमांतून येत असेल, तर स्पर्धा दिसते तितकी खरी नसते. धाराशिव (पूर्वीचा उस्मानाबाद) जिल्ह्यातील तेलाच्या व्यापाराचा इतिहास या दोन्ही गोष्टींचे बोलके उदाहरण आहे.

निजामी अंमलातील या भागात तेल म्हणजे प्रामुख्याने करडईचे. रब्बीच्या काळ्या जमिनीत, पावसाळ्यात मुरलेल्या ओलीवर हे पीक येते. ज्वारीच्या शेताच्या कडेने त्याच्या काटेरी ओळी पेरल्या, की गुराढोरांना आपोआप आळा बसे. पालेभाजी, बी, तेल आणि पेंड असा त्याचा चौफेर उपयोग होता. करडईच्या पाकळ्यांचा कुसुंबी रंग हाही एके काळी व्यापाराचा माल होता. परंतु विल्यम पर्किनने १८५६ मध्ये पहिला कृत्रिम रंग तयार केल्यानंतर एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रासायनिक रंगांनी तो व्यापार संपुष्टात आणला. करडईने गमावलेली ही पहिली बाजारपेठ. दख्खनमध्ये हे पीक मुख्यतः तेलासाठी घेतले जात असल्यामुळे येथे त्याची झळ कमी लागली.

तेल गावातच निघे. तेल्याचा लाकडी घाणा, त्याला जुंपलेला बैल आणि बियांच्या बदल्यात तेल व पेंड देण्याची पद्धत यांमुळे प्रत्येक गाव ही जवळजवळ एक स्वतंत्र बाजारपेठ होती. तेल्याच्या हाती थोडीफार सत्ता होती खरी, पण ती रस्त्याच्या गैरसोयीवर उभी होती. बार्शी लाइट रेल्वेची अरुंदमापी गाडी १८९७ मध्ये ब्रिटिश हद्दीतील बार्शीपर्यंत आली आणि १९११ मध्ये येडशी, तेर, ढोकी या मार्गाने लातूरला पोहोचली. तेलबियांना बाहेरचे गिऱ्हाईक मिळाले आणि बाहेरचे तेलही त्याच गाडीने आत आले.

त्या बाहेरच्या तेलांपैकी पहिले म्हणजे रॉकेल. ते खाण्याचे नव्हते. दिव्यापुरते मात्र ते करडई व करंज यांच्या तेलांना पुरेपूर पर्याय ठरले. रॉक ऑइल आणि गॅस लाइट या शब्दांवरून मराठीत रूढ झालेली रॉकेल व घासलेट ही नावेच त्याच्या प्रसाराची साक्ष देतात. काचेच्या चिमणीतील त्याचा उजेड पणतीपेक्षा स्वच्छ होता आणि रिकामा डबा पाणी भरण्यास उपयोगी पडे. घाण्यांच्या विखुरलेल्या जाळ्याची जागा येथे मूठभर परदेशी कंपन्यांनी घेतली. १९२७-२८ मध्ये अमेरिकन स्टँडर्ड ऑइल व शेल यांच्यात रशियन तेलावरून भारतीय बाजारात दरयुद्ध पेटले, तेव्हा ग्राहकाला काही काळ स्वस्त रॉकेल मिळाले. १९२८ मध्येच बड्या तेल कंपन्यांनी आपापसांत समझोता केला. दिवाबत्तीत पुढे रॉकेलला खरा पर्याय मिळाला तो विजेचा, दुसऱ्या तेलाचा नव्हे. देवापुढील दिव्यात मात्र रॉकेलला कधीच प्रवेश मिळाला नाही. तुळजापूरच्या भवानीच्या नवरात्रातील नंदादीप आणि आराध्यांचा पोत खाद्यतेलावरच पेटत राहिला. पर्यायतेच्या सीमा केवळ भावाने ठरत नाहीत, हे कोष्टके मांडणाऱ्या अर्थशास्त्रज्ञाच्या सहसा ध्यानात येत नाही.

दुसरे आव्हान स्वयंपाकघरात आले. तेल हायड्रोजनाच्या साहाय्याने घट्ट करण्याची कृती विसाव्या शतकाच्या आरंभी यूरोपात सिद्ध झाली. १९३० नंतर मुंबईत शिवडी येथे वनस्पती तुपाचा कारखाना निघाला आणि त्याचे ‘डालडा’ हे व्यापारी नाव पुढे त्या पदार्थाचेच नाव होऊन बसले. साजूक तुपाचा हा पर्याय तुपात बेमालूम मिसळता येत असल्याने मोठा वाद झाला. महात्मा गांधींनी त्यास विरोध केला. स्वातंत्र्यानंतर संसदेत बंदीची मागणीही झाली. अखेर वनस्पतीत किमान पाच टक्के तिळाचे तेल घालण्याची सक्ती करण्यात आली. कारण तिळाचे तेल साध्या रासायनिक कसोटीने ओळखू येते. पर्यायी वस्तूला बाजारात येऊ द्यावे, पण मूळ वस्तूचे सोंग घेऊ देऊ नये, हा या नियमाचा हेतू होता. येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी : जी वस्तू तुपाला पर्याय होती, तीच भुईमुगाच्या तेलाची मोठी गिऱ्हाईक होती. त्यामुळे एकाच कारखान्याने गवळ्याचे नुकसान केले आणि भुईमूग पिकविणाऱ्याला ग्राहक मिळवून दिला.

करडईच्या तेलाने या चढाओढीत वेगळी वाट धरली. त्यातील लिनोलीइक अम्लाचे प्रमाण सत्तर टक्क्यांहून अधिक असते. हृदयविकार व आहार यांच्या संबंधाची चर्चा सुरू झाल्यावर मुंबईच्या बाँबे ऑइल इंडस्ट्रीजने १९६० नंतरच्या दशकात ‘सफोला’ या नावाने हे तेल शहरी ग्राहकापुढे आणले. घाण्याचे स्वस्त तेल अशा रीतीने खास मालाच्या भावाने विकले जाऊ लागले. एडवर्ड चेंबरलिनने १९३३ मध्ये वर्णिलेली मक्तेदारीयुक्त स्पर्धा ती हीच. आपल्या मालाला पर्याय नाही असे ग्राहकाला वाटावे, हे तिचे मर्म. पुढे त्याच नावाखाली तांदळाच्या कोंड्याच्या तेलाची मिश्रणे आली. नाव टिकले, करडईचा त्यातील वाटा टिकला नाही.

१९७० नंतरच्या दशकात सरकारी व्यापार निगमामार्फत आयात झालेले पामतेल शिधावाटप दुकानांतून मिळू लागले. १९८६ च्या तेलबिया अभियानानंतर उत्पादन वाढले, मराठवाड्यात सूर्यफूल पसरले आणि १९९० नंतर काही वर्षे देश जवळजवळ स्वयंपूर्ण झाला. १९९४ मध्ये पामोलीनची आयात खुली झाली. पुढील चार वर्षांत आयातशुल्क ६५ टक्क्यांवरून १५ टक्क्यांवर आले आणि देशी तेलबियांचे भाव परदेशी पामतेलाशी बांधले गेले. सूर्यफूल व करडई मागे पडली. देशातील करडईचे क्षेत्र १९८० नंतरच्या दशकात सात लाख हेक्टरांहून अधिक होते. अलीकडे ते एक लाख हेक्टरांच्या आत आले आहे.

सोयाबीनने करडईला हटविले, असे जिल्ह्यात सर्रास म्हटले जाते. ते अर्धेच खरे आहे. सोयाबीन खरिपाचे, करडई रब्बीची. शेतात करडईची जागा मुख्यतः हरभऱ्याने घेतली. काटे, मावा कीड आणि कापणीला न मिळणारे मजूर ही त्याची कारणे. परस्परांना पर्याय ठरली ती बाटलीतील तेले. तथापि शेतातल्या बदलाचा परिणाम अधिक खोल गेला. करडईच्या बियांत तेल सु. ३० टक्के असते व ते घाण्यावर निघते. सोयाबीनमध्ये ते १८ ते २० टक्केच असते. ते परवडेल अशा रीतीने काढण्यास विद्रावक निष्कर्षणाचा भांडवली कारखाना लागतो आणि त्याचा नफा बव्हंशी पेंडीवर अवलंबून असतो. शेतकऱ्यापुढे पूर्वी घाणा आणि आडत असे दोन मार्ग होते. आता घाण्याचा मार्ग उरला नाही. २०२४-२५ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये असताना बाजारभाव त्याखाली रेंगाळला, त्यामागे पेंडीची मंदी हे एक मोठे कारण होते.

इंडोनेशियाने एप्रिल-मे २०२२ मध्ये पामतेलाची निर्यात काही आठवडे बंद केली. त्याआधीच युक्रेनमधील युद्धामुळे सूर्यफूल तेल अडकले होते. तेव्हा भारतात सर्वच तेले एकदम महागली. भिन्न दिसणारी तेले एकाच बाजारपेठेची अंगे असल्याचा याहून स्पष्ट पुरावा नाही. २००२ च्या भारतीय स्पर्धा कायद्यानेही बाजारपेठेची व्याख्या करताना गुणधर्म, किंमत आणि उपयोग या दृष्टींनी ग्राहक ज्यांना परस्परांच्या जागी वापरू शकतो, अशा वस्तूंचा एकत्र विचार केला आहे. ही कसोटी ग्राहकाच्या बाजूने लावलेली आहे. सोयाबीन विकण्यास आलेल्या शेतकऱ्यापुढे दुसरा ग्राहक कोणता, हे तिच्यावरून कळत नाही. लाकडी घाण्याचे करडई तेल अलीकडे शहरांतून पुन्हा मागितले जाऊ लागले आहे; पण त्याचा भाव कारखानी तेलाच्या कितीतरी वर असल्याने सामान्य कुटुंबाच्या दृष्टीने ते अद्याप पामोलीनचा पर्याय ठरलेले नाही.