जुन्या चेहऱ्याची गाडी

सेवानिवृत्तीनंतर हाती आलेल्या पैशांचे माणसाने काय करावे, याविषयी आमच्या पळसदेव गावात मते ठरलेली आहेत. घरावर मजला चढवावा, शेतात बोअर घ्यावी, नातीच्या लग्नाची तरतूद करावी. फार तर काशीयात्रा करून यावे. मी यांपैकी काहीच केले नाही. २०२२ साली, वयाच्या एकोणसाठाव्या वर्षी, मी महिंद्रांची थार गाडी घेतली. मास्तरांना म्हातारचळ लागला, असे पारावर बोलले गेले, आणि ते माझ्या कानांवर येईल अशी व्यवस्थाही झाली. त्याचे मला फारसे वाईट वाटले नाही. वाईट वाटले ते आईच्या वागण्याचे.

गाडी दारात आली तेव्हा ती ओवाळायला तबक घेऊन उंबऱ्यापर्यंत आली. गाडीकडे पाहून थबकली. मग तबक सुनेच्या हातात देत म्हणाली, "ही तर सायबाची जीप हाय. तूच ओवाळ." आणि आत गेली. त्यानंतर दोन वर्षे ती त्या गाडीत बसली नाही. इंदापूरला दवाखान्यात जायचे झाले तरी रस्त्यावर जाऊन एस.टी.ला हात करी.

ऐंशी वर्षांच्या अडाणी बाईचा गैरसमज, असे म्हणून मला ही गोष्ट सोडून देता आली असती. गाडी नवी कोरी, नाशिकच्या कारखान्यात झालेली. 'जीप' हे नावसुद्धा कायद्याने दुसऱ्याच कंपनीच्या मालकीचे. परंतु मी आयुष्यभर पोरांना इतिहास शिकवला. आईचे म्हणणे खोटे ठरविण्यासाठी मी या गाडीची वंशावळ पाहू लागलो, आणि पाहता पाहता आईचेच म्हणणे खरे ठरत गेले.

जीपचा जन्म युद्धाच्या घाईत झाला. १९४० साली युरोपात जर्मन फौजांची घोडदौड चालू असता अमेरिकेच्या सैन्याने मोटार कंपन्यांकडे एका हलक्या गाडीची मागणी केली. चारही चाकांना ताकद हवी, आणि नमुना ४९ दिवसांत हवा. बँटम नावाच्या एका लहानशा, डबघाईला आलेल्या कंपनीने कार्ल प्रॉब्स्ट या अभियंत्याला बोलावले. त्याने दोनएक दिवसांत आराखडा काढला, आणि सप्टेंबरात गाडी हजर केली. पुढे मोठी कंत्राटे मात्र विलीज आणि फोर्ड यांना मिळाली, आणि युद्ध संपेपर्यंत या दोघांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीपा बनविल्या.

आज ज्याला आपण जीपचे रूप म्हणतो त्यात शोभेसाठी केलेले असे काही नव्हते. पुढची काच आडवी पडे, कारण गाडी जहाजावर कमी जागेत मावायला हवी. मडगार्ड सपाट, कारण पत्रा वाकवीत बसायला वेळ नव्हता. सैनिकांनी मग त्यांच्यावरच नकाशे पसरले आणि जेवणेही उरकली. गोल दिवे जाळीच्या आत घेतले, म्हणजे झाडाझुडपांत फुटू नयेत. शिवाय ते उलटे फिरवून रात्री इंजिनावर उजेड पाडता येई. नांगराचा किंवा मोटेच्या सोंदूराचा आकार जसा कामाने ठरतो, तसाच हा आकार ठरला.

ही गाडी आपल्याकडे आली ती मुंबईच्या बंदरातून. २ ऑक्टोबर १९४५ रोजी जगदीशचंद्र आणि कैलासचंद्र हे महिंद्र बंधू व मलिक गुलाम महंमद यांनी 'महिंद्र आणि महंमद' ही कंपनी काढली. धंदा पोलादाचा होता. दोन वर्षांत देशाची फाळणी झाली. गुलाम महंमद पाकिस्तानात गेले, तेथील पहिले अर्थमंत्री झाले आणि पुढे गव्हर्नर-जनरलही झाले. इकडे कंपनीच्या नावातले 'महंमद' जाऊन १९४८ साली 'महिंद्र आणि महिंद्र' झाले. १९४७ पासून विलीज जीपचे सुटे भाग मुंबईत आणून जोडण्याचे काम या कंपनीने हाती घेतले होते. स्वतंत्र भारतातले पहिले गाजलेले खरेदी-प्रकरणही जीपचेच. १९४८ साली काश्मीरच्या लढाईसाठी इंग्लंडमार्गे जुन्या जीपा घेण्याचा सुमारे ८० लाख रुपयांचा करार झाला, आणि प्रत्यक्षात आल्या अवघ्या १५५. थोडक्यात म्हणजे, या देशात जीप आली तीच सरकारचा हात धरून.

खेड्यांत तर ती सरकारचे रूपच घेऊन आली. २ ऑक्टोबर १९५२ रोजी समूह विकास योजना सुरू झाली, आणि गटविकास अधिकारी नावाचा नवा साहेब गावोगाव हिंडू लागला. १९६२ साली जिल्हा परिषदा आल्या. धुरळा उडाला की पोरे ओरडत, "जीप आली!" आणि मोठी माणसे टोप्या सारखी करून उभी राहत. देवीचा डॉक्टर जीपमधून उतरे, तगाईची वसुली जीपमधून येई, निवडणुकीचा कर्णा जीपवर वाजे. कित्येक वर्षांनी त्याच जातीच्या गाड्या वडाप करू लागल्या, टपावर आणि पाठीमागच्या पायरीवर माणसे लोंबू लागली, तेव्हा कुठे ती रयतेची झाली. त्याआधी जीपमध्ये बसणारा आणि जीप पाहणारा अशा दोन जाती गावात होत्या.

मी एकदा बसणाऱ्यांत होतो. ही गोष्ट मी आजवर कुठे लिहिली नाही.

भीमा नदीवर उजनीचे धरण बांधायचे ठरले, आणि आमचे जुने पळसदेव बुडिताच्या रेषेत आले. १९८० साली धरण पुरे झाले. आज त्या जलाशयाला यशवंतसागर म्हणतात. सुमारे ११७ अब्ज घनफूट पाणी त्यात मावते आणि त्यातले निम्म्याहून अधिक मृतसाठा म्हणून तळाशीच राहते. त्या तळात आमची काळी जमीन आहे. माझ्या लहानपणी मोजणीची माणसे साखळी आणि झेंड्या घेऊन गावात आली. त्यांच्याबरोबर जीप होती. कोणत्या खात्याची ते मला तेव्हाही माहीत नव्हते. मी तिच्यामागे नदीपर्यंत धावलो. ड्रायव्हरला गंमत वाटली असावी. त्याने मला उचलून पुढे बसविले, हॉर्न वाजवू दिला, आणि साहेबाने मागून विचारले, "बाळ, तुमचे शेत कोणते?"

मी बोट केले. आमचा बांध कुठून कुठे जातो, विहीर कुठे, आंब्याचे झाड कुणाच्या हद्दीत, सारे सांगितले. शेत कागदोपत्री होतेच. मी सांगितले नसते तरी ते बुडायचे राहिले नसते, हे मला आज कळते. परंतु त्या वेळी आई खुरपे हातात घेऊन बांधावर उभी होती, आणि तिने मला जीपमध्ये बसलेले पाहिले होते. ती तेव्हा काही बोलली नाही. पुढेही कधी बोलली नाही.

पुढे आम्ही नव्या गावठाणात आलो. पळसनाथाचेही नवे देऊळ झाले. जुने दगडी देऊळ पाण्यात राहिले.

या साऱ्या काळात माझी जीपची हौस मात्र गेली नाही, हे कबूल केले पाहिजे. अशी हौस असणारे जगात पुष्कळ आहेत, आणि मोटारवाल्यांनी ते केव्हाच ओळखले आहे. अमेरिकेत १९६४ साली पाँटियाक कंपनीने आपल्या मध्यम आकाराच्या गाडीत ६.४ लिटरचे दांडगे इंजिन बसविले. त्याच वर्षी १७ एप्रिलला न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात फोर्डने मस्टँग मांडली. अशा दणकट इंजिनाच्या गाड्यांना तिकडे 'मसल कार' म्हणतात. आपण पैलवान गाड्या म्हणू. १९७३ च्या तेलटंचाईने हे पैलवान खंगले. मग तीस वर्षांनी फोर्डने २००५ च्या मस्टँगला पहिल्या मस्टँगचा तोंडवळा दिला. २००८ साली डॉजने चॅलेंजर आणि पाठोपाठ शेव्हरोलेने कॅमारो ही जुनी नावे जुन्या चेहऱ्यांनिशी परत आणली. ज्या पोराने शेजाऱ्याच्या दारातली मस्टँग नुसती पाहिली, त्याला साठीत ती परवडू लागली होती. २०१६ साली मस्टँग भारतातही विकायला आली. तिची किंमत ऐकून मी तो विषय तिथेच सोडला.

आपल्याकडचा हाच प्रकार म्हणजे थार. ती प्रथम २०१० साली आली, आणि २०२० साली पूर्ण नवी होऊन आली. १५ ऑगस्टला दाखविली आणि २ ऑक्टोबरला विक्रीस काढली. युद्धातल्या विलीजचे इंजिन २१९९ घनसेंटिमीटरचे होते आणि ६० अश्वशक्ती देई. माझ्या डिझेल थारचे इंजिन २१८४ घनसेंटिमीटरचे, म्हणजे जवळजवळ तेवढेच. शक्ती मात्र १३०. विलीजला दारे नव्हती. थारला टक्कर-चाचणीत पाचपैकी चार तारे मिळाले आहेत. ६५० मिलिमीटर पाण्यातून ती जाते, असे कंपनी सांगते. आतला गाभा सगळा बदलला आहे. जुने राहिले ते गोल दिवे, उभ्या फटींची जाळी, बाहेर दिसणाऱ्या दाराच्या बिजागऱ्या आणि पाठीवरची स्टेपनी. काच आता आडवी पडत नाही, दिवे उलटे फिरत नाहीत. जे एके काळी गरजेने आले ते आता आठवणीसाठी ठेवले आहे.

हा चेहरा कोणाचा, यावरून अमेरिकेत भांडणही झाले. महिंद्रांनी तिकडे रॉक्सर नावाची जीपसारखी गाडी विकायला काढली, तेव्हा जीपच्या तेव्हाच्या मालक फियाट क्रायसलर कंपनीने २०१८ साली तक्रार केली, की हा आमच्या गाडीचा तोंडवळा आहे. महिंद्रांनी १९४७ पासूनचे नाते आणि २००९ चा एक करार पुढे केला. २०२० साली निकाल महिंद्रांच्या विरुद्ध गेला आणि रॉक्सरचा चेहरा बदलावा लागला. ज्या बँटम कंपनीने पहिली गाडी केली तिची आठवण त्या दाव्यात कोणी काढली असेल, असे मला वाटत नाही.

हे वाचताना मला आमचे घर आठवले. चेहऱ्याची मालकी कोर्टाने कोणालाही देवो. तो चेहरा पाहून काय आठवावे, हे कंपनीला ठरविता येत नाही. अमेरिकेतल्या त्या माणसाला मस्टँग पाहून आपले तारुण्य आठवत असेल. जाहिरातवाल्यांनी थारबरोबर डोंगर, वाळवंट आणि मोकळे आकाश दिले. आईला त्याच गोल दिव्यांत साखळी, झेंड्या आणि जीपमध्ये बसलेला आपला मुलगा दिसला. जुना चेहरा विकत घेतला की त्याच्यामागचे सगळेच घरी येते; त्यातले गोड तेवढे निवडून घेता येत नाही.

२०२४ च्या मे महिन्यात उजनीचे पाणी फार खाली गेले. पळसनाथाचे जुने देऊळ पुरते उघडे पडले आणि लोक पाहायला लोटले. एका सकाळी आई स्वतः होऊन म्हणाली, "मला देवळाला न्हे." दुचाकीवर तिला बसवत नाही, आणि भेगाळलेल्या गाळातून दुसरी गाडी जाणार नाही, हे तिलाही ठाऊक होते. मी थारचे दार उघडले. पायरी उंच म्हणून एक पाट ठेवला. ती पदर खोचून पुढच्या बाजूला बसली.

गाळ वरून वाळला होता, आत ओला होता. चारही चाकांची ताकद लावून मी हळूहळू गाडी घातली. आई समोर पाहत होती. बराच वेळ काही बोलली नाही. मग काचेवर बोट टेकून म्हणाली, "हितं धोंडीचं शेत. त्याच्या वरल्या अंगाला आपलं. थांब, लई म्होरं नगं; हिरीत जाशील."

विहीर कुठेच दिसत नव्हती. सगळीकडे सपाट, करड्या रंगाचा गाळ होता. तरीही मी गाडी थांबविली. ती बांध दाखवीत राहिली. कुठून कुठपर्यंत, आंबा कुणाच्या हद्दीत. मी सांगितले होते त्यात एक चूक होती, तीही तिने दुरुस्त केली. आंबा आमचा नव्हता, चुलत्यांचा होता.

तेथून देवळापर्यंत आम्ही चालत गेलो. परतताना तिने विचारले, "ह्या गाडीला त्याल किती लागतं रं?" मी सांगितले. "लई लागतं," ती म्हणाली, आणि पाटावर पाय ठेवून आत बसली.