ओला फडका आणि प्लास्टिकची नळी

मे महिन्यातल्या भर दुपारी लालबागच्या नाक्यावर आमची टॅक्सी बंद पडली, तेव्हा मी शाळकरी होतो. टॅक्सीवाल्याने बॉनेट उघडून पेट्रोलपंपावर ओला फडका टाकला. उष्णतेने नळीतल्या पेट्रोलची वाफ झाली की ते इंजिनापर्यंत पोहोचत नाही; पंप निवला, की गाडी चालू. खर्च तांब्याभर पाण्याचा!

आज त्याच लालबागच्या उड्डाणपुलावरून आलिशान गाड्या सुसाट जातात. त्यांनाही उष्णता चुकलेली नाही. २००२ साली जगापुढे आलेल्या पोर्शे कायेनचेच पाहा. तिच्या सुरुवातीच्या आठ सिलिंडरच्या इंजिनात कूलंटच्या नळ्या प्लास्टिकच्या होत्या. तापून तापून त्या तडकत. पुढे ॲल्युमिनियमच्या नळ्या आल्या. पण त्यांची जागा इंजिनाच्या पोटात, मॅनिफोल्डखाली. वरचा सगळा पसारा उतरवल्याशिवाय तिथे हात जात नाही. म्हणून नळ्यांपेक्षा मजुरीच भारी.

ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत संपली. बॉनेट उघडताच दुखणे दिसण्याचा काळही तिच्याबरोबर सरला. म्हणून मंडळी, जुनी आलिशान गाडी स्वस्तात मिळाली, तर सुट्या भागाची किंमत विचाराच. पण तिथवर हात पोहोचायला किती तास लागतील, हे आधी विचारा.