खंडाळ्याचा घाट, दोन व्होल्टेज आणि हार्ड फोर्क

‘हार्ड फोर्क’ म्हणजे नेटवर्कचा नियम असा बदलायचा, की नव्या नियमाने बनलेला ब्लॉक जुनं सॉफ्टवेअर अवैध ठरवतं. मग हजारो संगणकांनी एकदम बदलायचं कसं? क्रिप्टोकरन्सीवर संशोधन करायचं ठरवत असाल, तर आधी लोणावळ्याच्या रेल्वेकडे बघा.

१९२९ मध्ये कल्याण-पुणे मार्गावर १५०० व्होल्ट डीसी वीज आली. १९३० मध्ये डेक्कन क्वीन सुरू झाली. पुढे १९५७ मध्ये भारतीय रेल्वेने २५,००० व्होल्ट एसी पद्धत स्वीकारली. व्होल्टेज कमी असलं की तेवढ्याच शक्तीसाठी विद्युतप्रवाह जास्त लागतो. म्हणजे तारा जाड आणि उपकेंद्रं जवळजवळ. तरी घाटात डीसीच राहिली. कारण उघड आहे: निव्वळ डीसीचं इंजिन एसी तारेखाली चालतच नाही.

तोडगा काय निघाला? आधी गाड्या बदलल्या, तारेतली वीज नंतर. दोन्ही व्होल्टेजवर चालणारी डब्ल्यूसीएएम-३ इंजिनं १९९० च्या दशकात मध्य रेल्वेवर आली, मग तशाच लोकल. त्यानंतर टप्प्याटप्प्याने एसी आली. मुंबईतली शेवटची डीसी लोकल धावली एप्रिल २०१६ मध्ये. निर्णयापासून तब्बल ५९ वर्षांनी!

आता गंमत बघा. ऑक्टोबर २०१० मध्ये बिटकॉइनचा जनक सातोशी नाकामोतो याने ब्लॉकची मर्यादा वाढवण्याचा हाच मार्ग सुचवला होता. नवा नियम सॉफ्टवेअरमध्ये आत्ताच घाला, पण तो लागू करा पुढच्या एका ठरावीक ब्लॉकपासून. उदाहरणादाखल त्याने १,१५,००० हा आकडा दिला. तोवर जुन्या आवृत्त्या वापरातून गेलेल्या असतील.

पण इथेच साम्य संपतं. रेल्वेचा मालक एक आहे. त्याने ठरवलं की इंजिनाला नकार देता येत नाही. इथेरियमने २० जुलै २०१६ रोजी १९,२०,००० व्या ब्लॉकला नियम बदलला, तेव्हा काहींनी तो मानलाच नाही. त्यांची जुनी साखळी ‘इथेरियम क्लासिक’ म्हणून आजही चालू आहे.

म्हणून संशोधनाचा प्रश्न मांडताना फक्त ‘आधी’ आणि ‘नंतर’ची तुलना करून थांबू नका. तीन गोष्टी वेगळ्या लिहून काढा: मधल्या काळात दोन्ही नियम कोणाला कळतात, नकार कोण देऊ शकतो, आणि नकार देणाऱ्याचं पुढे काय होतं. तांत्रिक तयारी पहिल्या प्रश्नात येते. फूट पडते ती उरलेल्या दोनांमुळे.