चवीचा पूर्वपरिचय आणि अन्नाविषयीचा तिटकारा : पिल्लांवरील प्रयोगांचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
एखादा पदार्थ खाल्ल्यानंतर आजारपण आले, की प्राणी पुढे त्या पदार्थाची चव टाळतो. या अध्ययनाचा इतिहास बहुधा जॉन गार्सिया यांच्यापाशी थांबतो. परंतु कोणत्या चवीचा तिटकारा बसेल, हे त्या चवीच्या पूर्वपरिचयावरही अवलंबून असते. प्रस्तुत निबंधात या दुर्लक्षित बाजूचा आढावा घेतला आहे.

पार्श्वभूमी :
१९५५ मध्ये गार्सिया व सहकाऱ्यांनी उंदरांना सॅकरिनचे गोड पाणी देत असताना गॅमा किरणांच्या संपर्कात ठेवले. त्यानंतर उंदीर ते पाणी टाळू लागले. चव आणि आजार यांत बराच अवधी गेला तरी असे अध्ययन घडते, हे १९६६ मध्ये दिसून आले. दोन घटना लागोपाठ घडल्याशिवाय अभिसंधान होत नाही, या तत्कालीन समजुतीला त्यामुळे धक्का बसला. १९६७ मध्ये रेवुस्की आणि बेडार्फ यांनी दाखविले, की उंदीर आजाराचा संबंध परिचित अन्नापेक्षा नव्या अन्नाशी जोडतो.

पिल्लांवरील प्रयोग :
मग पिल्लाला अन्नाचा पहिला परिचय कोठे होतो? गेलेफ व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकाच्या आरंभी दाखविले, की आईच्या आहाराची चव दुधावाटे पिल्लांपर्यंत पोहोचते व दूध सुटताना ती तेच अन्न पसंत करतात. १९७५ मध्ये कॅप्रेटा व सहकाऱ्यांना आढळले, की लहान वयात विविध चवी चाखलेले उंदीर नवी चव अधिक सहज स्वीकारतात. मार्टिन आणि आल्बर्ट्स यांचा १९७९ चा प्रयोग याहून लक्षणीय आहे. अंगावर पिताना मिळालेल्या चवीचा तिटकारा लहान पिल्लांना बसला नाही. स्तनपानाविना तोंडात दूध सोडले असता मात्र बसला. म्हणजे शिकण्याची क्षमता होती, स्तनपानाच्या स्थितीत ती प्रकट होत नव्हती. जगण्याचा एकमेव आधार असलेल्या दुधाचाच तिटकारा पिल्लाला घातक ठरला असता, हे येथे ध्यानात घ्यावे.

निष्कर्ष :
या विचाराचा उपयोग रुग्णालयातही झाला. केमोथेरपी घेणाऱ्या मुलांना नेहमीच्या अन्नाचा तिटकारा बसतो. १९८७ मध्ये ब्रोबर्ग आणि बर्नस्टाइन यांनी जेवण व उपचार यांच्या दरम्यान तीव्र चवीची गोळी दिली. त्यामुळे जेवणातील पदार्थांविषयीचा तिटकारा कमी झाला. तिटकाऱ्याचा इतिहास हा केवळ आजाराचा नसून परिचयाचाही इतिहास आहे, असे म्हणता येईल.