टॉमकॅट सर्व्हर, लिनक्सवरील उभारणी

जावा भाषेतील वेब अनुप्रयोग चालवणारा मुक्तस्रोत सर्व्हर. सन मायक्रोसिस्टिम्समधील जेम्स डंकन डेव्हिडसन यांनी त्याची मूळ रचना केली. 1999 मध्ये तो अपाची प्रतिष्ठानाकडे आला. परवाना शुल्क नसल्याने सोलापूरसारख्या शहरातील विद्यार्थ्याला घरच्या जुन्या संगणकावरही तो उभा करता येतो. 

आधी जावा बसवावी लागते: टॉमकॅट 10.1 ला किमान जावा 11, तर टॉमकॅट 11 ला जावा 17. मग सर्व्हरसाठी वेगळा, मर्यादित अधिकारांचा वापरकर्ता तयार करतात. घाईत अनेक जण सर्व्हर रूट म्हणजे सर्वाधिकारी वापरकर्ता म्हणूनच चालवतात. मग अनुप्रयोगात एक भगदाड सापडले की घुसखोराच्या हाती सगळे यंत्र जाते. लिनक्सवर 1024 खालील पोर्ट सामान्य वापरकर्त्याला सहसा उघडता येत नाहीत, म्हणून टॉमकॅट 8080 वर ऐकतो आणि त्याच्या पुढे एनजिनएक्स हा वेब सर्व्हर 443 हे पोर्ट सांभाळतो.

अनुप्रयोगाची ‘वॉर’ फाइल टॉमकॅटच्या वेबॲप्स फोल्डरमध्ये टाकली की तो आपोआप उलगडतो. जुना प्रकल्प मात्र टॉमकॅट 10 वर तसाच चालत नाही; त्यातील ‘जावाएक्स’ने सुरू होणारी सर्व्हलेटची पॅकेजे ‘जकार्ता’ करावी लागतात.